गाडी विकली, त्याबद्दल

सदाशिव पेठ, पुणे

ती. आई व ती. बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला कारण आहे, पण ते कोणाच्या प्रकृतीचे नाही, हे आधीच सांगते, म्हणजे आई वाचता वाचता मटकन खाली बसणार नाही. मागच्या शनिवारी आम्ही गाडी विकली. फोनवर सांगायचे दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्यांविषयी बोलून फोन ठेवून दिला. बाबा, त्या गाडीत तुमच्या फंडातले पैसे होते आणि ते तुम्ही कोणत्या दिवसांत काढून दिले होते, हे मी विसरलेले नाही. आलेल्या रकमेतला तेवढा भाग तुम्हा दोघांच्या नावाने पोस्टात ठेवते आहे. त्यावर वाद नको.

खरे तर पाडव्यापासून मी पेठेत गाडी चालवलेलीच नाही. ती उभी राहून राहून तिची बॅटरी दोनदा उतरली, विमा मात्र वेळेवर भरावा लागला. सम तारखेला रस्त्याच्या या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला गाडी लावायची म्हणून हे रोज रात्री जेवणानंतर खाली उतरत. माझे डेक्कनवरचे ऑफिस लकडी पुलावरून चालत जेमतेम पंचवीस मिनिटांवर आहे. गाडीनेही तेवढाच वेळ लागे, वर ती लावायला जागा शोधण्यात जीव जाई तो वेगळाच. शिवाय डॉक्टरांनी साखर काठावर आहे असे सांगितले होते. काठावर, आई, पलीकडे नव्हे, आणि आता ती उतरलीही आहे.

ही सगळी कारणे खरी असली, तरी मनात सलत होते ते निराळेच. मागच्या वर्षी बाबा इथे असताना त्यांनी नागनाथ पाराकडे कसे जायचे असे विचारले, आणि एकोणीस वर्षे याच पेठेत राहणाऱ्या मी त्यांना रिक्षा करून दिली. रिक्षावाल्याने एक वळण घेतले आणि उतरा म्हणाला. बाबा, तुम्ही घरी येऊन काहीच बोलला नाहीत, नुसते हसलात. १९६५ साली नारायण पेठेतल्या खोलीत राहून, खानावळीत जेवून ज्याने हे गाव पायांखाली घातले, त्याच्या मुलीला स्वतःच्या घरामागची गल्ली ठाऊक नव्हती. गाडीत बसून मला एवढ्या वर्षांत फक्त एकेरी वाहतुकीच्या पाट्या पाठ झाल्या होत्या.

आता रोज सकाळी तासभर चालते. भिकारदास, पत्र्या, जिलब्या आणि सोन्या अशा चौघांच्या नावांनी सुरुवात केली आणि पुण्यातल्या मारुतींची नावे ठेवणारा माणूस कोण असावा, या विचारात पहिला आठवडा गेला. खुन्या मुरलीधरासमोर किती वेळा हॉर्न वाजवला असेन, पण १७९७ साली देवाच्या स्थापनेच्या वेळीच तिथे रक्त सांडले म्हणून हे नाव पडले, हे परवा देवळाच्या पायरीवर बसलेल्या आजोबांकडून कळले. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी भुयारी नळाने, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी आणून पेठांतले हौद भरले होते, हे ऐकल्यावर मला कास तलावाचे पाणी साताऱ्यात आणणारा आपला पाट आठवला. तुम्ही ‘चार भिंती’च्या टेकडीवर मला खांद्यावर बसवून, पाणी वरून खाली कसे चालत येते ते सांगत होता, आणि ‘पाण्याला पाय असतात का’ या प्रश्नावर तुम्ही दिलेले उत्तर मला अजून पाठ आहे.

नदीच्या बाजूला गेले की तुमच्या गोष्टी जास्तच आठवतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, आणि तुम्ही आलात तेव्हा चार वर्षांनंतरही शनिवार-नारायण पेठेत अर्ध्या भिंती उभ्या होत्या, असे तुम्ही सांगत होता. आता तिथे सगळीकडे इमारती आहेत, तरी एखाद्या बोळात जुनी लाकडी चौकट दिसली की मी थांबते.

आई, तू ‘रात्री-अपरात्री काय करशील’ असे म्हणणार. गेल्या श्रावणातली ती रात्र आणि पावसातला खंबाटकी घाट मीही विसरलेले नाही. आमच्याच गल्लीतला टॅक्सीवाला कोणत्याही वेळी निघायला तयार आहे, आणि खरे सांगायचे तर त्या रात्रीसारखे हात थरथरत असताना मी चालवण्यापेक्षा तेच बरे. एरवी मंडईहून मेट्रोने स्वारगेट पुढचेच स्टेशन, आणि तिथून सातारा विनाथांबा आहेच. मला अर्धे तिकीट पडते, बाबांना तर पंचाहत्तरीनंतर तेही नाही. दादाला कळवले आहे. तो नेहमीप्रमाणे ‘बघ बाई’ म्हणाला.

पदपथ वाईट आहेत, हे लपवत नाही. उखडलेल्या फरशीवरून पावसात एकदा पाय मुरगळला होता, पण तो केव्हाच बरा झाला, म्हणून तेव्हा सांगितले नाही. आता बूट घालूनच निघते.

आणि तुम्हीही तेच करा. बाबा, अजिंक्यतारा पुरे झाला; गोल बागेपर्यंत जा, तेही उजाडल्यावर आणि काठी घेऊन. काठीने कोणी म्हातारे होत नाही. आई, घरातही सपाता घाल, आणि गोळी खाल्ल्यावर डबीवर खूण करत जा. टॅक्सीवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा, पण काही झाले तर आधी १०८ लावायचा आणि मग मला, उलटे नाही. रागावून लिहीत नाही. माझ्या लहानपणी रस्ता ओलांडताना तू माझे मनगट आवळून धरायचीस ना, तसे समज.

भाऊबीजेनंतर आठ दिवस इकडे या. बाबा, तुमची खोली कोणत्या बोळात होती ते तेवढे आधी कळवा. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून मी तीन बोळ धुंडाळले, पण तो अरुंद जिना एकातही सापडला नाही. सावकाश चालत जाऊ, येताना रिक्षा करू.

तुमची,
ठमी

ता. क. आई, गाडीतला तुझा गणपती मी काढून आणला आहे, देव्हाऱ्यात आहे. लिंबू-मिरची नव्या मालकाने स्वतःची बांधली.