परदेशी वैमानिक परवाना आणि रेडिओची परीक्षा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत उड्डाण शिकून आलेली मुले भारतीय व्यावसायिक परवान्यासाठी हवाई नियम, नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र यांचा कसून अभ्यास करतात. विमानातून नियंत्रकाशी रेडिओवर बोलण्याचा परवाना, म्हणजे रेडिओ परवाना, मात्र शेवटावर ढकलतात आणि नेमके तिथेच अडतात.

तिकडच्या परवान्यावर ‘इंग्लिश प्रोफिशिएंट’ असा शेरा असतो, पण पातळीचा आकडा नसतो. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या इंग्रजीच्या मोजपट्टीवर किमान चौथी पातळी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहांपैकी ज्यात तुम्ही सर्वांत कच्चे, तीच तुमची पातळी. पाच बाबतींत पाचवी मिळाली आणि आकलनात तिसरी, तर निकाल तिसरीच. घरात अस्खलित इंग्रजी बोलणारी मुलेही इथे चकतात, कारण खरखरत्या आवाजातली अनपेक्षित सूचना कळणे हे वेगळे कौशल्य आहे.

भाषेची पातळी मिळाली म्हणजे रेडिओ परवाना मिळाला, असेही नाही. अमेरिकेचे रेडिओ परमिट अर्ज आणि शुल्क भरले की परीक्षेविना मिळते. आपल्याकडे आरटीआरची, म्हणजे रेडिओ टेलिफोनीची, परीक्षा द्यावीच लागते. ती वर्षानुवर्षे दूरसंचार खात्याकडे होती. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीए या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणली, त्यामुळे जुन्या नोट्सवर विसंबू नये.

अमेरिकी सवयी मोडायलाच वेळ लागतो. तिथे फ्रिक्वेन्सी सांगताना ‘पॉइंट’ म्हणतात, इथे ‘डेसिमल’. त्याहून घातक फरक हवेच्या दाबाच्या एककाचा, कारण उंचीमापक त्याच आकड्यावर लावतात. तिथे पाऱ्याचे इंच, इथे हेक्टोपास्कल. पावसाळ्यात मुंबईचा दाब ९९८ असताना कानाला सवयीने २९.९८ इंच ऐकू आले आणि तेच लावले, तर ते १०१५ हेक्टोपास्कल होतात. विमान उंचीमापकावर दिसते त्यापेक्षा सुमारे ४७० फूट खाली असते. म्हणूनच दाबाचा आकडा नियंत्रकाला परत वाचून दाखवायचा असतो. नुसते ‘रॉजर’, म्हणजे ‘संदेश मिळाला’, पुरत नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर एक सौदी आणि एक कझाक विमान धडकून ३४९ जण गेले. कझाक वैमानिकांच्या अपुऱ्या इंग्रजीचा मुद्दा त्यानंतर पुढे आला, आणि ५ मार्च २००८ पासून आयकाओच्या पातळ्या लागू झाल्या. हा इतिहास आपल्याच आकाशात घडला आहे.

अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तासांचे उड्डाण लागते. रेडिओ परीक्षा लांबली की ते तास शिळे होतात आणि पुन्हा विमान भाड्याने घेऊन उडवावे लागते. शैक्षणिक कर्ज काढलेल्या घराला हा भुर्दंड सोसत नाही. म्हणून मुलांनी आरटीआरची तयारी परदेशी जाण्याआधीच सुरू करावी. आता परीक्षाही डीजीसीएकडेच आहे, तर त्यांनी तिच्या वर्षभराच्या तारखा आगाऊ जाहीर कराव्यात आणि भाषाचाचणी त्याच आठवड्यात, त्याच शहरात ठेवावी, ही विनंती.

– रेडिओ टेलिफोनी प्रशिक्षक, पुणे