साबण कपाटात, मुलं नळावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबरला आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जागतिक हात धुवा दिन झाला. दुसरीतल्या एका मुलीने हात धुण्याच्या पायऱ्या न अडखळता करून दाखवल्या. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. आम्ही टाळ्या वाजवल्या. तासाभराने मधली सुट्टी झाली, तीच मुलगी ताट घेऊन नळाला आली, चार बोटं धारेखाली धरली, फ्रॉकला पुसली आणि खिचडीच्या पंगतीत जाऊन बसली. नळापाशी साबण नव्हता. तो कार्यालयातल्या कपाटात होता, कुलपात.

विचारलं तर उत्तर मिळालं, "मुलं वाया घालवतात." मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. हे मला आधीच दिसायला हवं होतं.

मुलांना स्वच्छता कळत नाही, असं आपण सरसकट म्हणतो. त्यांना सगळं तोंडपाठ आहे हो! पण शौचाहून आल्यावर आणि जेवायच्या आधी हाताशी साबण नसेल, तर त्या पाठांतराचा उपयोग काय? १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनी शाळेत अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात. ती पोटातले जंत मारते, पण नखांतल्या मातीबरोबर जंतांची अंडी पुन्हा पोटात जाणं थांबवत नाही. त्यात घरी 'शनिवारी नखं कापू नयेत', 'संध्याकाळी कापू नयेत' हे आहेच. शाळेला सुट्टी रविवारी, तेव्हा आई मजुरीला गेलेली. मग नखं वाढतात.

आम्ही कांद्याच्या जाळीत साबण बांधून दोन्ही नळांना टांगला. पहिल्या आठवड्यात दोन साबण गायब झाले. मग चौथीच्या मुलांना पाळ्या लावून दिल्या. सकाळी साबण बांधायचा, शाळा सुटताना आत ठेवायचा. तेव्हापासून एकही हरवला नाही, उलट लहानग्यांना "मनगट राहिलं" म्हणून तीच मुलं परत पाठवतात.

खर्चाचं म्हणाल तर आठवड्याला दहा रुपयांच्या दोन वड्या लागतात, शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर वर्षाचे आठशे रुपयेही होत नाहीत. आमचा पट ९४. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांप्रमाणे ३० ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान असतं आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी आहे. अनुदान उशिरा येतं हे खरं, पण तोवर आठशे रुपये गावात उभे राहू शकतात.

शाळा तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना एकच विनंती. 'हात धुण्याची सोय आहे' या रकान्यात बरोबरची खूण कार्यालयात बसून करू नका. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं नळापाशी उभे राहा.

आपली नम्र,
एक पालक, जि. बीड