उलटं लटकलेल्या माणसाला हसण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात २०२२ साली झालेल्या गाण्यांच्या कार्यक्रमावर आपल्याकडे दोन वाचकपत्रं छापून आली. एका वाचकांनी त्याला ‘पोट सुटलेल्या रॅपरांचं स्नेहसंमेलन’ म्हटलं आहे. दुसऱ्यांना त्यात गुंडगिरीचं कौतुक दिसलं. मी २२ वर्षं ओहायोत, सिनसिनॅटीजवळच्या मेसनमध्ये राहते. दोन्ही पत्रं वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहिते आहे.

१३ फेब्रुवारीला आमचाच संघ मैदानात होता. सिनसिनॅटीचे बेंगॉल्स ३३ वर्षांनी सुपर बोलमध्ये पोहोचले होते. आमच्याकडे पाच-सहा मराठी घरांची मंडळी जमली होती, मुलांच्या अंगात नारिंगी जर्सी होत्या. मध्यंतराला आम्ही १३-१० असे मागे होतो. दरवर्षी या वेळी सगळे ताटं भरायला उठतात, तशी मीही मिसळीचा कट गरम करायला गेले. तेवढ्यात बाहेर डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग या जुन्या रॅपरांचा ठेका सुरू झाला आणि स्वयंपाकघर क्षणात रिकामं झालं. सांगलीचे, नागपूरचे, डोंबिवलीचे, पंचेचाळिशी-पन्नाशीचे लोक उभे राहून शब्दन् शब्द म्हणत होते. कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलं आईवडिलांकडे बघत राहिली. त्यांच्यापेक्षा तरुण रॅपर केंड्रिक लमार आला तेव्हा मुलांनी सूर धरला आणि आम्ही ऐकत राहिलो.

या गाण्यांशी आमचा काय संबंध, असं विचाराल. मी २००० साली इथे आले तेव्हा मला गाडी येत नव्हती. शेजारच्या टेबलावर बसणारी, मूळची डेट्रॉइटची, एक कृष्णवर्णीय सहकारी मला रोज घरी सोडायची. तिच्या गाडीत हीच गाणी मोठ्याने लागलेली असत. माझं इंग्रजी शाळेतलं. ती एकेक ओळ सोडवून सांगायची. एक गोष्ट मात्र मला कळायला महिने लागले. मागे पोलिसांची गाडी दिसली की ती आवाज अगदी बारीक करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायची आणि बोलणं थांबवायची. ती गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी गप्प बसायचो. एकदा मी कारण विचारलं. ती म्हणाली, माझ्या वडिलांनी असंच शिकवलंय.

आता त्या ‘पोट सुटलेल्या’ माणसाबद्दल. फिफ्टी सेंट हा रॅपर छताला उलटा लटकून अवतरला आणि समाजमाध्यमांवर त्याच्या वजनाची चेष्टा सुरू झाली. आमच्या घरातही हशा पिकला, माझा मुलगाही हसला. ती त्याच्या २००३ च्या व्हिडिओची आठवण होती, त्यातही तो असाच उलटा लटकलेला दिसतो. तेव्हा तो २७ वर्षांचा होता, या कार्यक्रमात ४६ चा. या शरीराला २००० साली नऊ गोळ्या लागल्या होत्या. ते जगलं, वाढलं, जड झालं आणि पुन्हा त्याच जागी येऊन लटकलं. मला त्या क्षणी गलबलून आलं. त्याच्या पिढीतले किती जण वजन वाढायच्या वयापर्यंत पोहोचलेच नाहीत. कार्यक्रमात ड्रेने पियानोवर टुपाकची धून छेडली, तो रॅपर टुपाक २५ व्या वर्षी गोळ्यांनी गेला.

जुन्या आठवणींवर चालणारा कार्यक्रम म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी बेंगॉल्सच्या मागच्या सुपर बोलचा मध्यंतर आठवून पाहावा. २२ जानेवारी १९८९, मायामी. त्या दिवशी गायक एल्व्हिस प्रेस्लीसारखा नटलेला एक जादूगार मैदानात आला आणि १९५० च्या दशकातल्या गाण्यांवर सगळा खेळ झाला. म्हणजे गतकाळाचं वेड या मैदानाला नवीन नाही, प्रश्न फक्त कुणाच्या गतकाळाचा. त्याच आठवड्यात, त्याच मायामीत, एका पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या गोळीबारात मोटारसायकलवरचा कृष्णवर्णीय तरुण मरण पावला आणि ओव्हरटाउन वस्तीत आगी लागल्या. मैदानातल्या गाण्यांत त्याचा मागमूस नव्हता.

त्याच १९८९ मध्ये ग्रॅमी या अमेरिकेच्या मोठ्या संगीत पुरस्कारांनी रॅपसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, पण तो देतानाचा क्षण टीव्हीवर दाखवला नाही. नामांकन मिळालेल्या काही कलाकारांनी समारंभावर बहिष्कार घातला. आणि त्याच वर्षी एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या रेकॉर्ड कंपनीला त्यांच्या पोलिसांवरच्या गाण्याविषयी नापसंतीचं पत्र पाठवलं. डॉ. ड्रे त्याच गटात होता, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. ही माणसं तरुण होती तेव्हा त्यांना हे मैदान मिळालं नाही. २००४ च्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचा वक्ष क्षणभर उघडा पडून गदारोळ झाला, त्यानंतर सामने भरवणाऱ्या लीगने, एनएफएलने, पॉल मॅकार्टनी, रोलिंग स्टोन्स, ब्रूस स्प्रिंगस्टीन, द हू अशा वयाने ज्येष्ठ रॉकवाल्यांना बोलावलं. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मलेल्या हिप-हॉपला, म्हणजे रॅपच्या या संगीताला, मध्यंतराचा मुख्य मान मिळायला २०२२ उजाडलं. इतक्या उशिरा बोलावलेल्या पाहुण्याला ‘तू म्हातारा झालास’ म्हणणं मला तरी जमत नाही.

हा सामना झाला ते लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडचं स्टेडियम, आणि तिथून ड्रेचं गाव कॉम्प्टन काही मैलांवरच आहे. मंचावरची पांढरी घरं म्हणजे कॉम्प्टनच्याच इमारती होत्या, तिथलं बर्गरचं दुकानसुद्धा होतं. पायाखाली त्या गावाचा नकाशा होता. बातम्यांत ज्या गावाचं नाव आजवर फक्त गोळीबाराबरोबर आलं, ते दहा कोटी लोकांसमोर दिवे लावून उभं होतं. गुंडगिरीचं कौतुक दिसलेल्या वाचकांनी ती घरं नीट पाहिली असती तर बरं झालं असतं.

गोरा रॅपर एमिनेम एका गुडघ्यावर बसला. लीगने त्याला मनाई केली होती अशी बातमी आली, लीगने ती फेटाळली आणि सरावात हे पाहिलं होतं असं सांगितलं. २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसलेल्या कॉलिन केपर्निक या फुटबॉलपटूला त्या हंगामानंतर एकाही संघाने घेतलेलं नाही, हे इथल्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे. त्यामुळे एमिनेमने गुडघा टेकताच आमची खोली शांत झाली. केंड्रिकने पोलिसांविषयीचे कडवट शब्द गाळले, ड्रेने पोलिसांविषयीची आपली ओळ गाळली नाही. मला केंड्रिकचं गाळणं खटकलं. ते खटकलं हेही इथे लिहायलाच हवं, कारण मी या कार्यक्रमाची भाट नाही.

दुसऱ्या पत्रलेखकांचा एक आक्षेप मी पूर्ण मान्य करते. यातल्या कित्येक गाण्यांत बायकांना ज्या शब्दांत संबोधलं आहे ते मी घरात उच्चारू देत नाही. ड्रेने तर बायकांना प्रत्यक्ष इजा केली होती, आणि २०१५ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. ती पुरेशी आहे का, हे त्या बायकांनी ठरवायचं. मंचावरच्या सहा मोठ्या नावांत बाई एकच होती, मेरी जे. ब्लाइज, ५१ वर्षांची. दुःख पुरे झालं असं सांगणारं तिचं गाणं ती इतकं जीव तोडून म्हणाली की शेवटी मंचावर उताणी पडली. ती पडली तेव्हा आमच्या खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या, कारण बघितलं असतं तर रडू आवरलं नसतं. हा प्रतिसाद कुठल्याही बातमीत मला दिसला नाही.

कार्यक्रम संपला आणि माझा फोन वाजला. डेट्रॉइटहून तीच मैत्रीण होती, आता निवृत्त झालेली. पाठीमागे तिच्या घरात तीच गाणी पुन्हा लावली होती, इतक्या मोठ्याने की तिचा आवाज मला ऐकू येईना. मी म्हटलं, जरा आवाज कमी कर. ती म्हणाली, आज नाही.

तिसऱ्या क्वार्टरच्या पहिल्याच खेळीत बेंगॉल्सनी ७५ यार्डांचा टचडाउन केला. खोली दणाणली, पण तो मी पाहिलाच नाही. मी बाहेर पडवीत थंडीत उभी होते, फोन कानाला लावून.

आपली,
एक जुनी वाचक
मेसन, ओहायो