महापुरातले तीन हप्ते आणि माझी पतनोंद : कर्ज देणाऱ्या कंपनीला तक्रार पत्र

दिनांक : 10 जून 2024

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचे नाव या सार्वजनिक प्रतीतून गाळले आहे.)

विषय : जुलै 2021 च्या महापुरानंतरचे तीन हप्ते पतनोंदीत थकीत दाखवल्याबद्दल तक्रार व नोंद दुरुस्त करण्याची मागणी

महोदय,

चिपळूणच्या बाजारपेठेत माझे कापडाचे दुकान आहे. सप्टेंबर 2019 मध्ये तुमच्या कंपनीकडून मी छत्तीस हप्त्यांचे व्यवसाय कर्ज घेतले होते. ते फेब्रुवारी 2023 मध्ये पूर्ण फिटले आणि तुमचा ना-देय दाखला माझ्याजवळ आहे. तुमचा एक रुपयाही मी बुडवलेला नाही. तरीही गेल्या महिन्यात एका बँकेने माझा कर्जाचा अर्ज परत केला, तो तुम्ही पाठवलेल्या माहितीमुळे. माझ्या पतअहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2021 या महिन्यांपुढे थकीत दिवस म्हणून 26, 56 आणि 87 असे आकडे आहेत. त्याआधी आणि त्यानंतर सगळी शून्ये आहेत.

या तीन महिन्यांपूर्वी चिपळुणात काय झाले होते, हे तुमच्या मुख्य कार्यालयात ठाऊक नसावे असे मला वाटत नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी शहरात शिरले. वर सह्याद्रीत कोसळणारा पाऊस, कोळकेवाडी धरणातून येणारे पाणी आणि खाली खाडीला भरती, असे सगळे एकाच वेळी आले. पहाटे उठलो तेव्हा पाणी रस्त्यावर होते आणि माल वर चढवायलाही सवड मिळाली नाही. दुकानाचे शटर पूर्ण पाण्याखाली गेले. वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचला आणि मुंबई-गोवा महामार्गावरची वाहतूक थांबली. एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड घेऊन कित्येक तास बसच्या टपावर बसून होते, ही बातमी तर देशभर गेली. त्या माणसाने सरकारी पैसा जिवापाड जपला. आम्हीही आमच्या परीने देणेकऱ्यांचा पैसा तसाच जपला, आणि म्हणूनच हे पत्र लिहिताना मला इतका संताप होतो आहे.

पुढचे दिवस वीज नाही, फोनला रेंज नाही. बाजारपेठेतल्या बँकांच्या शाखा आणि एटीएमसुद्धा पाण्याखाली गेलेली. गणपती त्या वर्षी 10 सप्टेंबरला होते. कोकणातल्या कापड दुकानदाराचे वर्ष गणपतीच्या हंगामावर चालते. चाकरमानी गावाला येतात, घरोघरी नवे कपडे घेतले जातात, त्यामुळे जुलै संपायच्या आत आम्ही उधारीवर माल भरून ठेवतो. तो सगळा माल, साड्या, तागे, मुलांचे तयार कपडे, चिखलाने माखून गेला. धुऊन विकण्यासारखे काही राहिलेच नाही. आम्ही ते फावड्याने ओढून रस्त्यावर टाकले आणि नगरपालिकेच्या गाड्यांनी उचलून नेले. पुरानंतरच्या चिपळूणचा वास ज्याने घेतला आहे त्याला अधिक सांगायला नको.

अशा वेळी 5 ऑगस्टला तुमच्या यंत्रणेने माझ्या खात्यावर हप्त्याची मागणी लावली. खात्यात पैसे नव्हते. मागणी परत गेली, तुम्ही बाउन्सचा आकार लावला, काही दिवसांनी पुन्हा मागणी लावली आणि पुन्हा आकार लावला.

रेंज आल्याबरोबर, ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, मी तुमच्या ग्राहक सेवेला मेल केला. तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत, दुकानाचे फोटो आणि तीन हप्ते पुढे ढकलण्याची विनंती त्यात होती. कर्ज माफ करा असे मी कुठेही म्हटले नव्हते. उत्तरादाखल तुमच्या संगणकाने एक तक्रार क्रमांक पाठवला, आणि नंतर माणसाचे उत्तर कधीच आले नाही. वसुलीचे फोन मात्र आले. फोनवरच्या मुलाला मी पुराचे सांगितले तर तो म्हणाला, ‘सर, सिस्टीममध्ये तसा काही पर्याय नाही.’ त्या मुलावर माझा राग नाही. त्याला दुसरे काही बोलायची मुभाच तुम्ही दिलेली नव्हती.

राज्य सरकारने 3 ऑगस्ट 2021 रोजी 11,500 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात दुकानदाराला जास्तीत जास्त 50,000 रुपये होते. लाखांचा माल गेलेल्याला तेवढ्याने काय उभे राहता येणार, पण हातभार लागला. बाकीची सोय नातेवाइकांकडून आणि बायकोचे दागिने गहाण ठेवून केली. दिवाळीच्या आधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिन्ही हप्ते तुम्ही लावलेल्या दंडासह मी एकदम भरले. त्यानंतर शेवटच्या हप्त्यापर्यंत एकही तारीख चुकलेली नाही. तुमच्याकडचा खातेउतारा काढून पाहा.

आता माझ्या तक्रारीचा मुख्य मुद्दा. त्याच पतअहवालात थोडे वर, एप्रिल ते ऑगस्ट 2020 पाहा. त्या पाच महिन्यांत मी एकही हप्ता भरला नव्हता. टाळेबंदीत दुकान बंद होते आणि रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्तेस्थगिती मी घेतली होती. तरीही त्या पाच महिन्यांपुढे थकीत दिवस शून्य आहेत, आणि ते योग्यच आहे. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिले होते की अशा पुढे ढकललेल्या हप्त्यांना पतमाहिती कंपन्यांना (सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या) कळवण्यापुरती थकबाकी मानायचे नाही आणि कर्जदाराच्या पतइतिहासावर त्याचा वाईट परिणाम होऊ द्यायचा नाही. मग त्याच कर्जाचे, त्याच माणसाचे पाच न भरलेले हप्ते स्वच्छ आणि पुरातले तीन उशिरा भरलेले हप्ते डागाळलेले, असे कसे? दोन्ही वेळी दुकान बंद पडण्यात माझा काडीचाही दोष नव्हता. फरक एवढाच की साथीच्या वेळी वरून आदेश आला आणि पुराच्या वेळी निर्णय तुमच्यावर होता.

तुमच्या हातात काहीच नव्हते असेही म्हणता येणार नाही. 5 मे 2021 रोजी रिझर्व्ह बँकेने करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर व्यक्ती आणि लहान व्यावसायिकांच्या कर्जांसाठी पुनर्रचनेची (हप्ते आणि मुदत नव्याने ठरवण्याची) योजना आणली होती. 30 सप्टेंबर 2021 पर्यंत ती खुली होती आणि माझा मेल त्या मुदतीतच तुमच्याकडे आला होता. त्या वर्षीच्या 31 मार्चला माझे खाते नियमित होते. एप्रिल आणि मे महिन्यांतल्या निर्बंधांनी धंदा आधीच बसला होता, पुराने वर उरलेले नेले. शिवाय नैसर्गिक आपत्तीत कर्जदाराला दिलासा कसा द्यायचा याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश तेव्हा होतेच. बँकांसाठीचे निर्देश 17 ऑक्टोबर 2018 रोजी एकत्रित स्वरूपात आले आणि तुमच्यासारख्या बिगरबँकिंग वित्तीय कंपन्यांना त्या धर्तीवरची मार्गदर्शक तत्त्वे 2016 पासून होती. पुरामुळे ज्या कर्जाची पुनर्रचना होते ते कर्ज चालू देणे मानायचे, हे त्या निर्देशांचे सार होते. यांपैकी कोणती वाट मला मोकळी आहे, हे तुमच्याकडून एका ओळीनेही कुणी कळवले नाही. पंचनाम्याची प्रत हातात असताना तुम्ही मला सरसकट थकबाकीदारांच्या रांगेत उभे केले.

या मे महिन्यात मी बँकेकडे कर्ज कशासाठी मागितले, तेही ऐका. दुकानात लोखंडी खांबांवर मजबूत पोटमाळा घालायचा आहे, म्हणजे पाण्याचा इशारा आला की माल वर चढवता येईल. वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी चिपळूणकरांनी उपोषणे केली, थोडा गाळ निघाला, पण पाऊस सुरू झाला की आजही अर्धी बाजारपेठ रात्री जागी असते. 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना 2021 चाही पाहावा लागला. आता आपले आपणच काय ते करायला हवे, असे ठरवून मी अर्ज केला. बँकेतल्या साहेबांनी विवरणपत्रे पाहिली, जीएसटीची उलाढाल पाहिली, सगळे ठीक म्हणाले. मग सिबिलचा अहवाल उघडला आणि 87 या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘आणखी तीन दिवस गेले असते तर हे खाते एनपीए, म्हणजे बुडीत कर्ज, झाले असते. हे कर्ज वर मंजूर होणार नाही.’ पूर आला होता हे त्यांना मी सांगितले. त्यांनाही ते माहीत होते, पण अहवालात तसे कुठेही लिहिलेले नाही. तिथे फक्त आकडे आहेत. म्हणजे पुढच्या पुरापासून दुकान वाचवायला लागणारे कर्ज मला गेल्या पुरामुळे मिळत नाही. आज मृगाचा पाऊस दारात आहे आणि माझा माल अजून जमिनीलगतच्या फळ्यांवर आहे.

याबद्दल मी मे महिन्यातच पतमाहिती कंपनीकडे हरकत नोंदवली होती. त्यांनी ती नियमाप्रमाणे तुमच्याकडे पाठवली आणि तुम्ही उत्तर दिले की माहिती तपासली, बदल नाही. पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, ज्याने माहिती पाठवली त्याने दुरुस्ती बरोबर असल्याचे कळवावे लागते, हे आता मला समजले आहे. तुम्ही नेमके काय तपासलेत? तारखा जुळतात एवढेच ना? तारखा माझ्याही हिशोबाशी जुळतात. पण त्या तारखांना माझे शहर पाण्याखाली होते आणि सवलत मागणारा माझा मेल तुमच्याकडे पडून होता, हे तुम्ही पाहिलेत का? त्या मेलवर वेळेत निर्णय झाला असता तर हे आकडे तयारच झाले नसते. ही चूक तुमच्या कार्यालयातली आहे आणि तिचा भार माझ्या नावावर आहे.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की ऑगस्ट ते ऑक्टोबर 2021 या तीन महिन्यांची नोंद देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडे तुम्ही दुरुस्त करून पाठवावी. माझ्या ऑगस्ट 2021 च्या विनंतीला त्या तारखेपासून मान्यता देऊन हे करता येईल. अशा दुरुस्तीला तीस दिवसांहून जास्त वेळ लागला तर ग्राहकाला दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, असा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू झाला आहे. मला ते शंभर रुपये नकोत, नोंद स्वच्छ हवी आहे. त्या तीन महिन्यांत लावलेले बाउन्सचे आकार आणि दंडव्याजही परत करावे. रक्कम फार मोठी नाही, पण ती घेणे चुकीचे होते.

दुसरी मागणी माझ्या एकट्यासाठी नाही. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली, 2021 मध्ये आमच्याबरोबर महाड आणि खेड, गेल्या सप्टेंबरात नागपूर. या सगळ्या ठिकाणी तुमच्यासारख्या कंपन्यांचे कर्जदार आहेत. रिक्षावाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, गिरणीवाले. त्यांतल्या किती जणांना स्वतःचा पतअहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो हे ठाऊक असेल? त्यांच्या नावापुढेही असे आकडे असतील, आणि कुठेतरी अर्ज नाकारला जाईपर्यंत त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. पंचनामा झालेल्या कर्जदाराला मागणी केल्यावर किमान तीन महिन्यांची हप्तेस्थगिती, त्या काळात बाउन्सचा आकार नाही, आणि त्या काळाची थकबाकी पतमाहिती कंपनीला कळवायची नाही, असे धोरण तुमच्या संचालक मंडळाने लेखी करावे आणि शाखाशाखांत मराठीत लावावे. अमेरिकेत कर्जखात्याची माहिती कळवताना ‘नैसर्गिक आपत्तीचा फटका’ असा वेगळा संकेत लावण्याची सोय आहे. आपल्याकडेही तसे व्हावे यासाठी तुमच्यासारख्या मोठ्या कंपनीने पतमाहिती कंपन्यांकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे शब्द टाकावा. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, माझ्या नाही.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत मला जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे उत्तर हवे आहे. संगणकाने पाठवलेला तक्रार क्रमांक मी उत्तर मानणार नाही. मुदतीत उत्तर आले नाही किंवा पुन्हा ‘माहिती तपासली’ एवढेच आले, तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाणार आहे. तक्रारीचे कागद तयार आहेत. बाजारपेठेतल्या आणखी काही दुकानदारांनीही आपापले अहवाल काढले आहेत आणि तेही माझ्याबरोबर येणार आहेत.

आपला,
एक कर्जदार, ज्याने कर्ज पूर्ण फेडले
कापड व्यापारी, बाजारपेठ, चिपळूण, जि. रत्नागिरी

सोबत : पंचनाम्याची प्रत, ऑगस्ट 2021 चा मेल व त्यावर आलेला तक्रार क्रमांक, खातेउतारा, ना-देय दाखला, पतअहवाल, बँकेचे नकारपत्र