मंदिर पडण्याआधीच ज्यू दूरदेशी नांदत होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि ज्यू देशोधडीला लागले' असे वाक्य आले आहे. इतिहास शिकवत होते तेव्हा हेच वाक्य मी मुलांच्या वह्यांत खोडत आले, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही.

इ.स.पूर्व पाचव्या शतकातच इजिप्तमधल्या नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर इराणी बादशहाच्या चाकरीतले ज्यू शिपाई बायकापोरांसह राहत होते. त्यांची लग्नाची, घरजागेची कागदपत्रे आजही वाचायला मिळतात. इजिप्तच्याच अलेक्झांड्रिया शहरातले ज्यू पुढे इतके ग्रीकभाषक झाले की धर्मग्रंथही ग्रीकमध्ये आणावे लागले. सगळेच राजीखुशीने गेले असे नाही, इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पीने जेरुसलेम घेतले, तेव्हा कैदी करून रोमला नेलेलेही होते. पण शिपाईगिरी, व्यापार, शेती यांच्या मागे गेलेले पुष्कळ.

या लोकांचा मुलखाशी धागा कसा टिकला, हे अर्ध्या शेकेलवरून कळते (शेकेल म्हणजे ज्यूंचे चांदीचे नाणे). प्रौढ ज्यू पुरुष कुठेही असो, त्याने वर्षाला अर्धा शेकेल जेरुसलेमच्या मंदिराला द्यायचा. आजच्या तुर्कस्तानात रोमचा आशिया प्रांत होता. तिथला सुभेदार फ्लाकस याने या देण्यापोटी जमलेले सोने जप्त केले. इ.स.पूर्व ५९ मध्ये त्याच्यावर खटला चालला आणि प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो याने त्याची वकिली केली. त्या भाषणात हिशेबच आहे: त्या प्रांतातल्या अपामिया शहरात शंभर रोमन रत्तलांना थोडे कमी सोने, लाओदिकिया शहरात विसाहून थोडे जास्त. मंदिर पडायला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे बाकी होती!

आम्हा खानदेशी माणसांना हे फोड करून सांगायला नको. आमच्या घरी कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, पुरुषांच्या नावाने धान्याची मूठ काढतात, तेव्हा सुरतेला यंत्रमागावर कामाला असलेल्या पुतण्याची मूठही निघते.

आणि येणाऱ्यांची सोयही होती. जेरुसलेममध्ये १९१३-१४ च्या उत्खननात एक ग्रीक शिलालेख सापडला. थिओडोटस नावाच्या पुरोहिताने सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनागृह) बांधले ते धर्मशास्त्र वाचण्यासाठी, आणि परदेशातून येणाऱ्या गरजूंसाठी खोल्या व पाण्याची व्यवस्था केली, असे त्यात कोरले आहे. पाण्याचा वेगळा उल्लेख वाचून मला फार बरे वाटले.

इ.स. ७० चा घाव मोठाच होता, तो मी कमी लेखत नाही. हजारो मेले, हजारो गुलाम झाले. वर रोमन सम्राट व्हेस्पेशियनने तोच अर्धा शेकेल रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी वसूल करायला लावला, तोही बायका-मुलांकडूनसुद्धा.

तरीही तारखेचा आग्रह धरते, त्याला कारण आहे. विखुरणे ही ज्यूंना देवाने दिलेली शिक्षा, असे पुढे अनेक ख्रिस्ती धर्मगुरूंनी शतकानुशतके सांगितले. त्याच्या नावाखाली या समाजाने काय भोगले ते आपण जाणतोच. 'मंदिर पडले आणि विखुरले' हे वाक्य नकळत त्याच सांगण्याला बळ देते.

लेखमालेच्या पुढच्या भागात एवढी दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास अलेक्झांड्रियावर सविस्तर लिहावे. इ.स. ३८ मध्ये तिथे ज्यूंवर हल्ले झाले, घरे लुटली गेली, आणि तिथला म्हातारा ज्यू तत्त्वज्ञ फिलो फिर्याद घेऊन रोमला सम्राट कॅलिग्युलापुढे गेला. ते आमच्या मुलांनी वाचायला हवे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)