यूज टॅक्सच्या रकान्यात शून्य लिहिण्यापूर्वी

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत स्टेटचं रिटर्न भरताना यूज टॅक्सच्या रकान्यात शून्य पडतं. सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं, आपण ‘नाही’ दाबतो आणि पुढे जातो. मुळात सेल्स टॅक्स दुकानदाराने घेतला नाही, तर तेवढाच यूज टॅक्स वस्तू वापरणाऱ्याने आपल्या राज्याला स्वतःहून भरायचा असतो. हा कर काही नवा नाही. १९३७ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

त्याच न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर परराज्यातल्या मोठ्या विक्रेत्यांनाही कर गोळा करावा लागतो. अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठांवर तो आपोआप कापला जातो, त्यामुळे आता सगळीकडेच कापला जातो असा समज झाला आहे. पण विक्रीची मर्यादा न ओलांडलेले छोटे विक्रेते आजही तो घेत नाहीत. डेलावेअर, न्यू हॅम्पशायर, ओरेगॉन आणि मोंटानात तर राज्याचा सेल्स टॅक्सच नाही.

डेलावेअरहून १,५०० डॉलरचा लॅपटॉप न्यू जर्सीतल्या घरी आणला, तर ६.६२५ टक्क्यांनी ९९.३८ डॉलर देणं होतं. तोच पेनसिल्व्हेनियात ६ टक्के भरून घेतला असेल तर त्या ९० डॉलरची वजावट मिळून ९.३८ उरतात. पावती जपून ठेवावी आणि तीवर टॅक्सचा आकडा वेगळा छापलेला असावा. नाहीतर वजावट मागायला आधार राहत नाही. किरकोळ खरेदीच्या पावत्या नसतील तर न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांत उत्पन्नानुसार अंदाजी रकमेचा तक्ता आहे. मात्र तो १,००० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या वस्तूंपुरताच. १,००० डॉलर किंवा त्याहून महाग प्रत्येक वस्तू वेगळी मोजायची. गाडीचा कर नोंदणीच्या वेळीच वसूल होतो, त्यामुळे ती सहसा सुटत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती भारतातून आणलेल्या दागिन्यांत. विमानतळावर भरलेली कस्टम ड्यूटी अमेरिकेच्या केंद्र सरकारची. राज्याचा यूज टॅक्स त्यात येत नाही. भारतातल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही, कारण ती फक्त अमेरिकेतल्या इतर राज्यांत भरलेल्या कराची असते. कॅलिफोर्नियात स्वतः सोबत आणलेल्या परदेशी खरेदीपैकी ३० दिवसांत पहिले ८०० डॉलर माफ आहेत. म्हणजे ५,००० डॉलरच्या हारावर ४,२०० डॉलरचा कर, किमान ७.२५ टक्क्यांनी ३०४.५० डॉलर, स्थानिक दर जास्त असेल तर त्याहून अधिक. तोच हार कुरिअरने मागवला तर ही ८०० ची सूटही जाते. आईने स्वतःच्या पैशाने घेऊन दिलेला हार ही भेट, तुमची खरेदी नव्हे. पण पैसे आपणच पाठवून नुसतं ‘आईने दिला’ म्हटलं, तर ती पळवाट तपासणीत टिकणार नाही.

कस्टमच्या जाहीरनाम्यांची माहिती कॅलिफोर्नियाच्या कर विभागाकडे, सीडीटीएफएकडे पोचते आणि पुढे नोटीस येते. त्या राज्यात वर्षभराच्या खरेदीचा कर पुढच्या १५ एप्रिलपर्यंत रिटर्नसोबत भरता येतो, किंवा थेट सीडीटीएफएच्या संकेतस्थळावर. मागच्या वर्षाचा राहिला असेल तर नोटिशीची वाट न पाहता तिथेच भरून टाकावा. व्याज मुदतीच्या तारखेपासूनच चढतं.

– एक करसल्लागार