त्या एजन्सीला होकार देण्याआधी

ठाणे (पश्चिम)
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी पेस्ट कंट्रोलची साइट गुगलच्या शोधात वर आणून देतो म्हणणाऱ्या एजन्सीचं कोटेशन वाचलं. फोनवर मी नुसतं ‘बघतो’ म्हणालो, कारण हे दोन वाक्यांत उरकण्यासारखं नव्हतं. पैसे भरू नकोस. अ‍ॅडव्हान्स मागत असतील तर तोही देऊ नकोस.

त्यांचं आश्वासन काय, तर महिन्याभरात पहिला नंबर, पाच हजार बॅकलिंक्स (दुसऱ्या साइट्सवरून तुझ्या साइटकडे येणाऱ्या लिंक्स), नवी मुंबईच्या प्रत्येक नोडसाठी, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या भागासाठी, वेगळं पान आणि वर शंभर फाइव्ह-स्टार रिव्ह्यू. पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. बाकीच्या तिन्ही गोष्टी हे लोक ज्या पद्धतीने करणार आहेत, ती गुगलच्या नियमांत बसत नाही. आणि पकडलं गेलं की एजन्सीचं काहीच बिघडत नाही. शोधातून खाली जातं ते तुझं डोमेन (साइटचा पत्ता), काकांनी उभ्या केलेल्या धंद्याचं नाव.

लिंक्स विकत घेतल्या की काय होतं त्याचं उदाहरण जेसी पेनीचं आहे. अमेरिकेतली एवढी मोठी दुकानांची साखळी, पण फेब्रुवारी 2011 मध्ये पैसे देऊन लावलेल्या लिंक्स उघडकीला आल्या आणि गुगलने तिला खाली ढकललं. कंपनी म्हणाली, आम्हाला याची कल्पना नव्हती, आणि एजन्सीला काढून टाकलं. शिक्षा मात्र कंपनीनेच भोगली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘पेंग्विन’ नावाचं गुगलचं अपडेट आलं, ते खास अशा लिंक्ससाठी. 2016 पासून ते गुगलच्या मुख्य यंत्रणेतच आहे. रीतसर जाहिरात म्हणून लिंक घ्यायला हरकत नसते, तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ लिहायचं असतं. पण असं लिहिलं की रँकिंगला फायदा होत नाही, म्हणून हे लोक ते लिहिणार नाहीत.

नोडवार पानांचा नमुना त्यांनी पाठवलाय, तो शेजारी-शेजारी उघडून बघ. ‘वाशीतील सर्वोत्तम पेस्ट कंट्रोल सेवा’, ‘घणसोलीतील सर्वोत्तम पेस्ट कंट्रोल सेवा’, मग नेरुळ, मग ऐरोली. गावाचं नाव सोडलं तर काना-मात्रेचा फरक नाही. केवळ शोधातून माणसं ओढण्यासाठी केलेल्या अशा पानांना डोअरवे पानं म्हणतात. 2006 मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट डोअरवे पानांपायी गुगलने काही काळ शोधातून काढून टाकली होती.

आणि एक गोष्ट तुझ्या आत्ताच्या साइटवरच सापडली. होमपेजच्या तळाशी, फोन नंबरच्या खाली, बरीच मोकळी जागा दिसते. तिथे माउस दाबून खाली ओढ. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ढेकूण ट्रीटमेंट वाशी ढेकूण ट्रीटमेंट सानपाडा ढेकूण ट्रीटमेंट जुईनगर’ अशी भलीमोठी जंत्री उमटते. जुन्या वेबसाइटवाल्याने केव्हातरी घालून ठेवलेली दिसते. असा लपवलेला मजकूरही गुगलच्या नियमांत बसत नाही, तो आजच काढायला सांग.

मग करायचं काय? गिऱ्हाइकांना तू फोनवर जे सांगतोस ना, तेच लिही. झुरळांचं जेल कपाटाच्या बिजागरीत ठिपक्या-ठिपक्यांनी लावतात, त्यानंतर तिथे स्प्रे मारायचा नाही आणि ती जागा ओल्या फडक्याने पुसायची नाही, हे तू मला किती तळमळीने समजावलं होतंस! ढेकणांना एका फेरीत का भागत नाही, अंडी फुटल्यावर दुसरी फेरी का लागते. वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्याला भोकं पाडून औषध का सोडतात. घरात तान्हं बाळ असेल तर काय सांभाळायचं. वाशीच्या जुन्या सिडको इमारतींतल्या तळमजल्याच्या चौकटी आणि तुर्भ्याच्या मार्केटमधली धान्याची गोदामं, दोन्हीकडचं काम वेगळं असेल तर दोन वेगळी पानं खुशाल कर. त्यात तुझं काम दिसेल, कामाचे फोटो असतील. सुहास, इतकं जाणणारी माणसं या धंद्यात थोडी आहेत, आणि तुझ्या साइटवर त्यातलं एक अक्षर नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

भाचा एआयकडून शे-दोनशे लेख काढून देतो म्हणाला, त्यालाही प्रेमाने थांबव. एआय वापरणं हा गुन्हा नाही. पण मार्च 2024 मध्ये गुगलने नियम स्पष्ट केला: केवळ रँकिंगसाठी ढिगाने पाडलेला, वाचणाऱ्याला काही न देणारा मजकूर स्पॅम, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

रिव्ह्यू विकत घ्यायचे नाहीतच, पण रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंटही द्यायचा नाही. काम झाल्यावर तुझ्याकडच्या कामाच्या मुलांनी गिऱ्हाइकाला रिव्ह्यूची लिंक पाठवावी, काय लिहायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांना आपली साइट शोधात कशी आहे ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात, ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ उघडून बघ. तिथे काही नसेल तर गुगलच्या माणसाने हाताने केलेली कारवाई नाही. असेल, तर कारण लिहिलेलं असतं. ते दुरुस्त करून, काय झालं आणि काय सुधारलं हे प्रामाणिकपणे लिहून फेरविचाराची विनंती करता येते. अल्गोरिदममुळे, म्हणजे गुगलच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेमुळे, घसरण झाली असेल तर मात्र नोटीस येत नाही आणि विनंतीही चालत नाही. साइट सुधारायची आणि थांबायचं, त्याला महिने लागू शकतात. कुठल्यातरी भलत्या साइटने तुझी लिंक लावली म्हणून मात्र घाबरू नकोस, तसल्या बहुतेक लिंक्सकडे गुगल दुर्लक्षच करतं.

डोमेन आणि सर्च कन्सोलची मालकी कुणाच्या ईमेलवर आहे ते आधी तपास. जुन्या वेबसाइटवाल्याच्या असेल तर गोडीने बोलून स्वतःच्या नावावर करून घे. साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसचे प्लगिन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) अपडेट करायला सांग. साइट हॅक होऊन तिच्यात परकी स्पॅम पानं घुसली तरी शोधात नुकसान आपलंच होतं.

शनिवारी दुपारी ट्रान्स-हार्बरने वाशीला येतो. तोवर वाळवीचं पान कच्चं लिहून ठेव, शुद्धलेखन मी बघेन. त्या एजन्सीला नकार ईमेलवरच कळव, फोनवर ते तुला बोलण्यात गुंतवतील.

काकांना नमस्कार, वहिनींना सांग जेवायलाच येतोय.

तुझा,
मिलिंद